निमजेबाई आणि उदासीचे प्रकार

"काय, बरं आहे ना?" असं निमजेबाईंनी कुणाला विचारलेलं मी कधी ऐकलं नाही. त्या विचारायच्या, "झोप कशी हाये?" समोरचा "चांगली आहे" म्हणाला की लगेच, "अन् भूक?" आणि मग तिसरा प्रश्न, "पोहे खाल्ले तर पोह्यासारखे लागतात का?"

या तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक माणसं गडबडत. पोहे पोह्यासारखे लागले की नाही याचा विचार करत कुणी पोहे खात नाही. पण गडबडलेल्या माणसाकडे निमजेबाई अशा रोखून बघायच्या, की आपल्याला खरंच काहीतरी झालंय असं त्याला वाटायला लागे आणि तो घरी जाऊन पोहे करायला सांगे.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. नागपुरातल्या एका मुलींच्या शाळेत मी भूगोल शिकवायला नुकतीच लागले होते. निमजेबाई गृहशास्त्राच्या, पण मी रुजू झाले तेव्हा त्या लांबच्या रजेवर होत्या. रजेचं कारण सगळ्यांना माहीत होतं आणि प्रत्येकाचं वेगळं होतं. कुणी अल्सर म्हणे, कुणी कावीळ. ड्रॉइंगच्या बाईंनी मला कोपऱ्यात नेऊन, आवाज अगदी खाली आणून, नुसतं "गर्भाशय" एवढंच सांगितलं होतं.

मग एका सकाळी शिक्षकखोलीच्या दारात एक ठेंगणी, गोल चेहऱ्याची, कडक खळीचं सुती लुगडं नेसलेली बाई उभी राहिली. हातातली छत्री तिनं टेबलावर आडवी ठेवली आणि सगळ्यांकडे बघून म्हणाली, "हे पाहा, मले डिप्रेशन झालं होतं. डोकं फिरलं नव्हतं, भूत लागलं नव्हतं, अन् पोटालेही काही झालं नव्हतं. मनाची बिमारी झाली होती, औषध घेतलं, बरी झाली. आता कोणाले काही विचाराचं असन तर मधल्या सुट्टीत विचारा. तासाच्या वेळी नाही."

'डिप्रेशन' हा शब्द आमच्यापैकी निम्म्यांनी फक्त हवामानाच्या बातम्यांत ऐकला होता, आणि तोही बंगालच्या उपसागरातला. त्या काळी मन बिघडलं म्हणजे थेट वेड्यांचा दवाखाना, मधलं स्टेशनच नव्हतं. आणि ही बाई तर ती गोष्ट पडसं होऊन गेल्यासारखी सांगत होती.

"बरं, चहा कोण करून राहिलं?" निमजेबाईंनी विचारलं आणि छत्री खुंटीला लावली.

मधल्या सुट्टीत कुणी काही विचारलं नाही. मग त्यांनी स्वतःच माझ्याशेजारी डबा उघडला आणि सांगायला सुरुवात केली. त्यांचं माहेर उमरेडचं, घरात हातमाग. लहानपणापासून मागांच्या खटखटीत मोठ्यानं बोलायची सवय, त्यामुळे त्यांची कुजबूजसुद्धा शेजारच्या वर्गात जाई. मला खासगी म्हणून सांगितलेली ही सगळी हकिकत तेव्हा नववी ब नंही ऐकली असणार.

"लोकाइले वाटते डिप्रेशन म्हणजे रडणं," त्या म्हणाल्या. "मी तर रडलीच नाही वं. रडाचंही मन होत नव्हतं. पहाटेच डोळे उघडत, छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटे. आंघोळ करायची म्हणजे कोणता डोंगर चढाचा हाये असं वाटे. भाजीत मीठ हाये का नाही, तेही समजे नाही."

त्यांचे यजमान निमजेभाऊ रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. काडीसारखे, पँटच्या पायाला सायकलची क्लिप कायम लावलेली. बायको एका जागी बघत बसते म्हणून त्यांनी आधी डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवलं. चष्मा लागला. मग बाई चष्मा लावून एका जागी बघत बसू लागल्या. मग कुणाच्या सांगण्यावरून एक बुवा झाले, त्यांनी दाराला लिंबू बांधलं.

"लिंबू टांगलं होतं ना," निमजेबाई मला गंभीरपणे म्हणाल्या, "ते पाहून मले सरबताची आठवण नाही आली. तवाच समजाले पाह्यजे होतं."

शेवटी निमजेभाऊंना समजलं ते मेथीमुळे. सीताबर्डीत, एका भांड्यांच्या दुकानाच्या वर, डॉक्टर ठोंबरे नावाचे मनाचे डॉक्टर बसत. निमजेभाऊ बाईंना तिथे घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारलं, काय त्रास आहे? निमजेभाऊ म्हणाले, "डॉक्टरसाहेब, ही भांडून नाही राहिली."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कधीपासून?"

"दसऱ्यापासून. परवा भाजीवाल्यानं सांगितला तोच भाव देऊन मेथी घेतली हिनं. वरून त्याले 'ठीक आहे' म्हणाली."

"आधी भांडायच्या?"

"साहेब, बर्डीतले भाजीवाले हिले पाहून टोपली झाकत."

"मग हेच लक्षण," डॉक्टर म्हणाले. माणूस आधी कसा होता आणि आता कसा आहे हे आधी बघायचं. फरक कित्येक आठवडे टिकला, झोप, भूक, गोडी सगळं एकदम गेलं, तर तो आळस नाही आणि स्वभावही नाही. तो आजार. हे वाक्य निमजेबाईंनी असं काही पकडून ठेवलं, की पुढे तपभर आम्ही ते ऐकत होतो.

डॉक्टर ठोंबऱ्यांविषयी एक सांगायला हवं. त्यांचा चेहरा इतका पडलेला असे, की पेशंटच त्यांना धीर देऊन खाली येत. निमजेबाई तर जाताना त्यांच्यासाठी चिवडा नेत. पण माणूस हुशार होता आणि विचारलेलं समजावून सांगे. बाई बऱ्या झाल्यावरही महिन्याकाठी त्यांच्याकडे जात आणि प्रश्नांनी त्यांना भंडावून सोडत. त्यातून त्यांनी उदासीचे आपले स्वतःचे प्रकार केले, गृहशास्त्राच्या बाईनं करावेत तसे. एक रातजागी, जी त्यांना झाली होती. एक दुखरी, जिच्यात माणूस उदास आहे असं म्हणतच नाही, नुसतं डोकं दुखते, पाठ दुखते म्हणतो आणि एक्स-रेचे सगळे फोटो चांगले येतात. एक चिडकी. एक बाळंतिणीची. आणि एक चढ-उताराची, तिच्याविषयी त्या फार सावध असत.

ही चढ-उताराची त्यांना कळली ती शेजारच्या एका कापडदुकानदारामुळे. तो महिनाभर अंथरुणातून उठत नव्हता. बाईंनी त्याला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बायकोला विचारलं, यांना आधी कधी फार जास्त उत्साह आला होता का? ती म्हणाली, तसं काही नाही, फक्त मागच्या मे महिन्यात यांनी अख्ख्या गल्लीला स्वेटर वाटले.

नागपूरच्या मे महिन्यात.

"अन् तुम्ही ते घेतले?" डॉक्टरांनी निमजेबाईंना विचारलं.

"घेतला ना," बाई म्हणाल्या. "चांगली लोकर होती. मले वाटलं, माणूस दिलदार हाये."

त्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, की खाली गेलेल्या माणसाला तो आधी वर गेला होता का हे विचारल्याशिवाय औषध द्यायचं नसतं, कारण त्याचं औषध वेगळं. तेव्हापासून बाईंनी झोप-भूक-पोहे यांच्यामागे चौथा प्रश्न जोडला, "कोणाले स्वेटर-गिटर वाटून राहिले का?" नव्या माणसाला हा प्रश्न कुठून आला ते कळत नसे.

इतकं ज्ञान झाल्यावर ते वापरायला माणूस हवा. तो आमच्या शिक्षकखोलीतच होता. गणिताचे वैद्य सर. उंच, सावळे, पांढरा सदरा. सकाळी येताना कुणाकडे बघत नसत, डबा भिंतीकडे तोंड करून खात आणि वर्षानुवर्षांत त्यांना हसताना कुणी पाहिलेलं नव्हतं. निमजेबाईंनी त्यांना पुरतं घेरलं. रोज सकाळी, "सर, झोप कशी हाये?" सर म्हणत, "आहे." "भूक?" "आहे." पोह्यांच्या प्रश्नावर सर त्यांच्याकडे थोडा वेळ बघत राहत आणि वह्या तपासायला लागत.

"पाहिलं?" बाई मला म्हणायच्या. "उत्तर नाही देऊन राहिला. रातजागी हाये, का दुखरी, तेवढंच समजाचं बाकी हाये."

अखेर एका शनिवारी, भांड्यांच्या दुकानात शाळेच्या स्वयंपाकघरासाठी पातेलं बघायचं आहे असं सांगून, त्यांनी सरांना बर्डीला नेलं आणि पातेलं न बघता जिन्यावर चढवलं. सर न बोलता चढले. डॉक्टरांनी त्यांना बराच वेळ प्रश्न विचारले, घरून त्यांच्या आईलाही बोलावून घेतलं. म्हातारी म्हणाली, "हा जनमला तवाही रडला नाही. नुसता पाहत होता. सुईण घाबरली होती."

डॉक्टर बाहेर येऊन निमजेबाईंना म्हणाले, "यांना काही झालेलं नाही. हे असेच आहेत."

दुसरी बाई खजील झाली असती. निमजेबाईंनी शाळेत येऊन जाहीर केलं, "वैद्य सर एकदम तंदुरुस्त हायेत. डॉक्टरनं तपासलं. तुमच्यापैकी कोणाची तपासणी झाली हाये?" आणि दुसऱ्या सकाळी खोलीत पाऊल टाकताच पुन्हा, "सर, झोप कशी हाये?" आता ती तपासणी नव्हती, नुसतं विचारणं होतं. सर म्हणाले, "आहे."

त्यानंतर बाईंच्या डोक्यात भाषण आलं. पालकसभेत आयांना मनाच्या आजारांची माहिती द्यायची. आमच्या मुख्याध्यापिका देशकरबाई, विधवा, करारी, चष्म्याच्या वरून बघायची सवय. त्या ताडकन म्हणाल्या, "निमजेबाई, मुलींची लग्नं व्हायची आहेत अजून! मनाचे आजार म्हणे!" निमजेबाईंनी वाद घातला नाही. सूचनाफलकावर 'खमंग सांबारवडी आणि घरचं आरोग्य' असं लिहून टाकलं. सभागृह गच्च भरलं.

बाईंनी स्टोव्ह पेटवला, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या निवडायला घेतल्या आणि हात चालू ठेवून बोलायला लागल्या. वडीचं सारण सांगता सांगता झोप आली, कढई तापेपर्यंत भूक झाली, आणि वडी तेलात सोडताना त्या म्हणाल्या, "हे पाहा, अशी वडी समोर हाये अन् कोणाले खावीशी नाही वाटली, महिनाभर नाही वाटली, तर त्या बाईले नखरे करते म्हणू नका. तिले डॉक्टरकडं न्या." देशकरबाई मागच्या रांगेत ताठ बसून होत्या. वड्या झाल्या होत्या, त्यामुळे उठून जाताही येईना.

नंतर आयांनी बाईंना गराडा घातला. सगळ्या हळू आवाजात विचारत होत्या आणि सगळ्या जावेसाठी विचारत होत्या. माझ्या जावेला झोप नसते. माझी जाऊ सारखी चिडते. जावेचं डोकं दुखतं. निमजेबाई प्रत्येकीला नीट सांगत होत्या, "जावेले घेऊन या." मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "नागपुरातल्या साऱ्या जावा बिमार हायेत वं. नणंदा मात्र ठणठणीत."

त्या गर्दीत एकच बाई वेगळी होती. पार्वताबाई. हुडकेश्वरहून आलेल्या, तेव्हा ते शहराबाहेरचं गावच होतं. त्यांची धाकटी मुलगी आमच्याकडे आठवीत होती. त्या जावेचं नाही, सुनेचं बोलत होत्या, आणि तक्रारीच्या सुरात. "सून बाळंत झाली तवापासून बसूनच राह्यते, बाई. बाळाले घेत नाही. घेतलं तं नुसती पाह्यते. लाडावलेली हाये माहेरची, दुसरं काय?"

निमजेबाईंनी झारा खाली ठेवला. "उद्या येते मी," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार. त्या माझ्या दारात. "चाल वं, भूगोलाची बाई, रस्ता दाखव." हुडकेश्वरचा रस्ता त्यांना माझ्यापेक्षा चांगला माहीत होता.

सून, मंदा तिचं नाव, भिंतीला टेकून बसली होती. वीस-बावीसची. बाळ पाळण्यात. निमजेबाई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि मी प्रथमच त्यांना हळू आवाजात बोलताना ऐकलं. "झोप कशी हाये, मंदा?"

"बाळ झोपते," मंदा म्हणाली. "मी नाही झोपत."

"मनात काय येते?"

मंदानं पाळण्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी याच्या लायक नाही. मी नसली तं याचं चांगलं होईन."

निमजेबाईंनी तिचा हात धरला. "मरावंसं वाटून राहिलं का तुले?"

पार्वताबाई दारातून ओरडल्या, "असं काय विचारता, बाई! तिच्या डोक्यात भराल!"

"डोक्यात आधीच हाये, पार्वताबाई. मी बाहेर काढून राहिली." आणि पुन्हा मंदाकडे वळून, "बोल, पोरी."

"विहिरीकडं जाते," मंदा म्हणाली. "अन् वापस येते."

"काहून वापस येतं?"

"हा रडते म्हणून."

पार्वताबाई दाराच्या चौकटीला धरून खाली बसल्या. निमजेबाई उठल्या. "आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं जायचं. हिले एकटं सोडाचं नाही, आंघोळीलेही नाही."

रविवारी ठोंबरे डॉक्टर दुपारपर्यंतच बसत. पण बस दुपारनंतर, रिक्षा गावात नाही, आणि मंदाचा नवरा सायकल घेऊन कामावर गेलेला. आम्ही चौघी बाळासकट रस्त्यावर उभ्या राहिलो. तेवढ्यात शहराकडे जाणारी एक मेटॅडोर आली. निमजेबाईंनी छत्री आडवी धरून ती थांबवली. आत लग्नाची बँड पार्टी. लाल कोट, सोनेरी झालर, मांडीवर पितळी वाद्यं.

"ओ मास्तर, बर्डीले सोडा. बाळंतीण हाये," निमजेबाई म्हणाल्या आणि उत्तराची वाट न बघता चढल्या.

बँडमास्तरांनी मुकाट्यानं जागा केली. बसायला जागा मोजकीच. मोठा ढोल आडवा घातला, त्यावर एका वादकानं आपला लाल कोट अंथरला आणि बाळाला त्यावर निजवलं. ते इतकं शांत झोपलं, की खड्ड्यांत ढोल स्वतःच धुमधुम वाजत होता तरी जागं झालं नाही. मंदा त्याच्याकडे बघत होती. पार्वताबाईंनी तिच्या पदराला आपला पदर गाठ मारून बांधला होता आणि गाठ मुठीत धरून ठेवली होती.

बर्डीत आलो तर रस्ता गच्च. डॉक्टर उठायची वेळ होत आलेली. निमजेबाई बँडमास्तरांना म्हणाल्या, "मास्तर, रस्ता करा." मास्तरांना रस्ता करायचा एकच प्रकार येत होता. पोरं टपाटप खाली उतरली आणि नवरदेव घोड्यावरून उतरताना वाजवतात ती धून सुरू झाली. सायकली बाजूला झाल्या, हातगाड्या सरल्या, आणि पुढे बँड, मागे छत्री उंच धरलेल्या निमजेबाई, मग गाठीनं बांधलेल्या सासू-सून आणि बाळाला घेतलेली मी, अशी वरात दवाखान्याच्या जिन्याशी आली.

आता त्या जिन्याची रीत अशी होती, की वर जाणारा माणूस आधी खाली भांडी बघत उभा राही. ओळखीचं कुणी दिसत नाही अशी खात्री झाली की सटकन वर. दुकानदाराचा धंदा त्यावर बरा चाले. बँड ऐकून सगळी बर्डी तिथे बघायला लागली आणि डब्यांच्या, पेल्यांच्या मागे लपलेली अर्धा डझन माणसं उघड्यावर आली. त्यांत एक मोठा चमचा छातीशी धरून आमच्या ड्रॉइंगच्या बाई उभ्या होत्या.

"मी... चमचा घ्यायला आले होते," त्या म्हणाल्या.

"घ्या ना," निमजेबाई म्हणाल्या. "मग वर या."

डॉक्टर जिन्याच्या वरच्या पायरीवर आले. बँडकडे, गर्दीकडे बघून त्यांचा चेहरा आणखी पडला. "कुणाचं लग्न आहे?"

"लग्न नाही, डॉक्टर. बाळंतीण हाये. विहिरीवरून आणली हाये."

डॉक्टरांनी जिना उतरून मंदाला हात धरून आत नेलं.

मंदा काही दिवस दवाखान्यात राहिली, मग घरी. गोळीचा गुण यायला आठवडे गेले आणि त्या आठवड्यांत पार्वताबाई तिच्यापासून हलल्या नाहीत. रात्रीसुद्धा दोघींचे पदर बांधलेले असत. निमजेबाई दर रविवारी जाऊन बसत. एक दिवस मंदानं कुणी न सांगता बाळाला उचललं आणि त्याच्या नाकाकडे बघून म्हणाली, "नाक मात्र सासूचं घेतलं याने." पार्वताबाई हे सांगताना रडत होत्या. आपल्या नाकाला नाव ठेवल्याचा इतका आनंद झालेली सासू मी पुन्हा पाहिली नाही.

बँडची गोष्ट मात्र शाळेपर्यंत पोहोचली. देशकरबाईंनी निमजेबाईंना बोलावून घेतलं. त्या दिवसांत देशकरबाईंसमोर जायला शिपाईसुद्धा घाबरत. त्या खडू फेकत, फाइली आपटत, एका मुलीच्या वेणीच्या रिबिनीवरून अर्धा तास ओरडल्या होत्या. आम्ही बाहेर कान लावून होतो. आधी भरपूर ओरडणं ऐकू आलं, शाळेची अब्रू, भर बाजारात, बँड! मग दार आतून लागलं.

आतलं मला निमजेबाईंनी फार पुढे, देशकरबाई निवृत्त होऊन मुलाकडे गेल्यावर आणि त्यांच्याच परवानगीनं, सांगितलं. देशकरबाईंनी चष्मा काढला होता आणि टेबलाकडे बघत म्हटलं होतं, "माझी एक जाऊ आहे. तिला सारखा संताप येतो. आणि मग खोली बंद करून बसावंसं वाटतं."

देशकरबाईंचे यजमान एकुलते एक होते. हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं.

निमजेबाईंनी मंदाच्या वेळेसारखाच आवाज खाली ठेवला. "चिडकी हाये," त्या म्हणाल्या. "त्यात माणसाले उदास नाही वाटत, सारे लोक मूर्ख वाटतात. तुमच्या जावेले घेऊन मी जाते. मागच्या गल्लीतूनही एक जिना हाये." पुढे वर्षभर दोघी सर्वांसमोर बोलत, "बाई, कशी हाये जाऊ?" "बरी आहे. झोपते आता." "तिले सांगा, गोळी मनानं बंद करू नको." शिपाईसुद्धा एकदा म्हणाला, "बाई आपल्या जावेची लय काळजी घेतात."

आणि मग, ऐंशी साल उलटल्यावर, एका थंडीत निमजेबाईंची उदासी परत आली. ती त्यांना ओळखता आली नाही, कारण ती दुसरेच कपडे घालून आली होती. पहिल्या वेळी झोप उडाली होती, आता त्या पेंगत. वर्गात मुली टाके घालत आणि बाई खुर्चीत झोपलेल्या. पहिल्या वेळी भूक मेली होती, आता चिवड्याचा डबा तासातासाला उघडे. पाय शिशाचे झाल्यासारखे ओढत चालत. कुणी विनोद केला तर हसतही, आणि हसणं संपलं की चेहरा पुन्हा विझे. मी विचारलं तर म्हणाल्या, "झोप मस्त हाये, भूक मस्त हाये, पोहे पोह्यासारखे लागतात. वय झालं वं, दुसरं काय?" त्यांच्याच प्रश्नांनी त्यांना पास करून टाकलं होतं. मलाही पटलं.

वैद्य सरांना पटलं नाही. एका दुपारी ते वह्यांवरून उठले, निमजेबाईंच्या खुर्चीसमोर येऊन उभे राहिले. सर स्वतःहून कुणाकडे गेले ही गोष्टच इतकी नवीन होती, की ड्रॉइंगच्या बाईंच्या हातातला ब्रश थांबला.

"निमजेबाई," सर म्हणाले, "दिवाळीपासून तुम्ही मला झोपेचं विचारलेलं नाही."

बाईंनी कष्टानं मान वर केली. "तुमचं काय विचाराचं, सर? तुम्ही असेच हाये म्हणून डॉक्टरनं सांगितलं ना."

"हो. तरी रोज विचारत होता."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मले लाज वाटते, सर," त्या म्हणाल्या. "साऱ्या गावाले मी त्या जिन्यानं नेलं. आता मीच परत जाऊ का?"

सरांनी खुंटीवरची त्यांची छत्री काढून त्यांच्या हातात दिली. "चला."

जिन्यावर मी मागे होते. निमजेबाई एकेका पायरीवर थांबत होत्या. वर डॉक्टर ठोंबरे, आता केस पांढरे झालेले, सरांना बघून म्हणाले, "पुन्हा तुम्ही? तुम्हाला काही झालेलं नाही म्हणून मी सांगितलं होतं."

वैद्य सरांनी निमजेबाईंकडे बोट केलं आणि चेहऱ्यावरची रेषाही न हलवता म्हणाले, "माझी जाऊ आहे."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग निमजेबाई हसल्या. त्या पायरीवर बसून, छत्री पोटाशी धरून हसल्या आणि त्यातच रडल्या, आणि डॉक्टर ठोंबरे हसले. त्या माणसाला दात आहेत हे मला त्या दिवशी समजलं. फक्त वैद्य सर हसले नाहीत. ते असेच होते.

या वेळी बरं व्हायला जास्त दिवस लागले. औषध एकदा बदलावं लागलं. मधे एक आठवडा असा आला, की बाईंनी निमजेभाऊंना "माह्याच्यानं होत नाही आता" असं सांगितलं, आणि भाऊंनी रजा टाकून पूर्ण आठवडा त्यांच्याजवळ बसून काढला, लसूण सोलत. दुसरं काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं. डॉक्टरांनी बाईंना सांगितलं, की हा आजार काहींना परत परत भेटायला येतो, त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. बाई मला म्हणाल्या, "म्हणजे पाव्हणा हाये. येईन, राहीन, अन् जाईन. पण त्याले घर नाही देऊन टाकाचं." ऊन वाढायला लागलं तशा त्या हळूहळू उठल्या.

निवृत्त झाल्यावर दोघांनी हुडकेश्वरच्या बाजूला, उमरेड रोडपासून जवळच, लहानसं घर बांधलं. माझ्या यजमानांची बदली झाली आणि आम्ही नागपूर सोडायचं ठरलं, तेव्हा मी निरोप घ्यायला तिकडे गेले. सकाळची वेळ होती. घराला कुलूप. शेजारणीनं हसून रस्त्याकडे बोट दाखवलं.

लुगड्याचा काचा मारलेल्या, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट घातलेल्या निमजेबाई सायकलवर बसलेल्या होत्या. मागे कॅरिअर धरून निमजेभाऊ धावत होते. डॉक्टरांनी रोज व्यायाम करा म्हणून सांगितलं होतं आणि बाईंनी साठीला टेकलेल्या वयात हा प्रकार निवडला होता. सायकल डावीकडे झुकत होती, उजवीकडे झुकत होती, आणि बाई कोंबड्यांना, कुत्र्यांना, दूधवाल्याला बाजूला व्हायला सांगत होत्या, तेही इतक्या जोरात, की घंटीची गरजच नव्हती.

मला पाहून त्या ओरडल्या, "काय वं! आली का तू! थांब, आलीच मी!" आणि त्या नादात त्यांनी जोरात पायडल मारलं. कॅरिअर निमजेभाऊंच्या हातातून सुटलं. सायकल कोपऱ्यावरून उमरेड रोडला लागली आणि, आश्चर्य म्हणजे, सरळ चालायला लागली. कडक खळीचा पदर मागे फडफडत होता.

निमजेभाऊ धापा टाकत माझ्याजवळ येऊन उभे राहिले. आम्ही दोघं बघत होतो. सायकल लहान होत चालली.

"छान चालवतात की," मी म्हटलं. "आता वळून येतील."

"वळता नाही येत तिले अजून," निमजेभाऊ म्हणाले. त्यांनी पायाची क्लिप नीट केली, रस्त्याच्या कडेनं चालायला लागले आणि मागे न बघता म्हणाले, "उमरेडलेच थांबन आता."